साठीनंतरची शर्यत

पोहणे, सायकल चालविणे व धावणे हे तिन्ही प्रकार एकापाठोपाठ, मध्ये विश्रांती न घेता पुरे करावयाचे, अशा स्पर्धेस ट्रायथलॉन म्हणतात. १९७८ साली हवाई बेटांवर तिचा 'आयर्नमॅन' हा दीर्घ प्रकार सुरू झाला. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये दीड, चाळीस व दहा किलोमीटर अशा अंतरांनी तिला स्थान मिळाले. हौशी स्पर्धकांचे वयानुसार गट पाडतात. साठीच्या माणसाची गाठ विशीच्या पोराशी पडत नाही. मिलिंद सोमण यांनी २०१५ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिचची आयर्नमॅन पुरी केली.

वयाबरोबर स्नायू झडतात, हृदयाचा कमाल वेग उतरतो, थकवा उशिरा जातो. दमसास मात्र सरावाने बराच टिकतो.

आमच्या बारामतीचे उदाहरण निराळे आहे. पिंपळीच्या लता करे साठी ओलांडल्यावर नऊवारीत, अनवाणी तीन किलोमीटर धावल्या आणि ज्येष्ठांच्या गटात पहिल्या आल्या. पतीच्या तपासणीस पैसे हवे होते. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात भूमिकाही त्यांनीच केली. ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिची विशेष दखल घेतली गेली. अशा बाईंना 'हौशी' म्हणावे काय? मला तरी ते पटत नाही.

आमचे तात्या इंदापूरकडे असतात. वय चोपन्न. पहाटे सायकलला दुधाच्या किटल्या अडकवून आठ किलोमीटरवरच्या डेअरीला जातात; उजनीच्या पाण्यात मोटारीचा पाईप निसटला, तर पोहत जाऊन बांधतात. मी त्यांना या स्पर्धेविषयी सांगितले. त्यांनी आधी प्रवेश फी विचारली. आकडा मी सांगितला नाही.