येझदीची गंजलेली टाकी

प्रश्न : वडिलांची येझदी दहा वर्षं उभी होती. टाकीतून तांबूस पेट्रोल येतं. टाकी बदलू का?

उत्तर : घाई नको. म्हैसूरच्या कारखान्यात येझदी बनणं १९९६ मध्ये थांबलं. मूळ टाकी शक्यतो वाचवावी. ती उतरवून रिकामी करा, तळ आणि जोड अंगठ्याने दाबून पाहा. पत्रा भक्कम असेल, तर गरम पाण्यात सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून टाकीत रात्रभर ठेवा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि आत ऑइल फिरवा. ओल राहिली की गंज पुन्हा धरतो. कार्बोरेटरआधी फिल्टर बसवा.

पत्रा दबत असेल किंवा भोकं पडली असतील, तर दुसरी टाकी घ्या. जुनीला वेल्डिंग मात्र मुळीच करू देऊ नका. रिकाम्या टाकीतल्या वाफेनेही स्फोट होतो.