सोळा की सतरा? मोठ्या अलॉयचा खरा हिशेब

अस्सल स्पोर्ट्स कार साताऱ्या-सांगलीत विरळाच. पण स्विफ्ट, पोलो, आय-२० एन लाइन अशा चपळ गाड्यांना मोठे अलॉय आणि रुंद टायर घालणारे साताऱ्याच्या पोवई नाक्यापासून सांगलीच्या विश्रामबागेपर्यंत सगळीकडे भेटतात. दुकानात पहिला प्रश्न असतो, ‘सेट कितीला बसेल?’ प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचं उत्तर त्या दिवशीच्या बिलावर संपत नाही, पुढच्या पावसाळ्यातले खड्डेही त्यात धरावे लागतात.

उदाहरणाला १८५/६५ आर १५ टायरवर चालणारी स्विफ्ट घेऊ. या टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ६२१ मिमी आहे. १९५/५५ आर १६ घेतला तर व्यास जवळपास तेवढाच राहतो, म्हणजे स्पीडोमीटर बिघडत नाही आणि स्टेपनीही चालते. २०५/४५ आर १७ मध्ये तो ६१६ मिमीच्या आसपास येतो, हेही चालण्यासारखं आहे. खरा फरक रबराच्या भिंतीत पडतो. रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत १५ इंचीत १२० मिमी रबर असतं, १६ इंचीत १०७ आणि १७ इंचीत फक्त ९२. खड्ड्याचा दणका आधी हेच रबर झेलतं.

आता पैसे. ढोबळ अंदाज असा: १६ इंची चार अलॉयना २८ ते ४० हजार, चांगल्या कंपनीच्या चार टायरना २६ ते ३६ हजार, फिटिंग, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे नट आणि व्हॉल्व्ह मिळून दोन-तीन हजार. एकूण छप्पन्न ते ऐंशी हजार. १७ इंचीला हाच आकडा लाखाच्या घरात जातो. जुने टायर-रिम चांगल्या स्थितीत असतील तर त्यांचे काही हजार परत येतात. देण्याआधी दोन ठिकाणी भाव विचारा. कोल्हापूर-पुण्याला माल जास्त आणि भावही थोडा कमी असतो, पण बॅलन्सिंग पुन्हा करायची वेळ आली की तिथवर कोण जाणार? दोन-तीन हजारांच्या फरकासाठी गावातला ओळखीचा टायरवाला सोडू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तेव्हा जुना भाव सांगितला तर विचारा आणि पक्कं बिल घ्या.

टायर हातात घेऊन कडेचे आकडे वाचा. मापाच्या पुढे ८८, ८७, ८४ असा आकडा असतो. तो त्या टायरची वजन पेलण्याची ताकद सांगतो: ८८ म्हणजे ५६० किलो, ८७ म्हणजे ५४५, ८४ म्हणजे ५००. १८५/६५ आर १५ वर सहसा ८८ असतो. २०५/४५ आर १७ साध्या टायरवर बहुतेक वेळा ८४ असतो. घरची पाच माणसं, डिकीत सामान, वर कासचा घाट, तिथे हा फरक हलका घेऊ नका. ‘एक्सएल’ (एक्स्ट्रा लोड) लिहिलेला ८८ चाच टायर मागा. टायरच्या कडेवरच चार आकड्यांत तयार झाल्याचा आठवडा आणि वर्ष असतं. ‘२३२५’ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षं गोदामात पडलेला टायर नव्याच्या भावात घेऊ नये.

अलॉयमध्ये पीसीडी, म्हणजे नटांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, जुळणं एवढंच पुरेसं नाही. स्विफ्टचा तो ४ × १०० आहे आणि त्या मापाचे अलॉय भरपूर मिळतात, पण मधलं भोक हबपेक्षा मोठं असेल तर हब रिंग लागते. ती टाकली नाही तर वेगात स्टिअरिंग थरथरू शकतं. ऑफसेट चुकला की चाक बाहेर येतं, भरल्या गाडीत मडगार्डला घासतं आणि बेअरिंगवर ताण वाढतो. पैसे देण्याआधी एक चाक बसवून स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघा, मागच्या सीटवर तिघांना बसवूनही बघा.

माझं मत स्पष्ट आहे: आपल्या भागात एक इंच वाढवा, त्याच्या वर नको. यवतेश्वर घाटाच्या वळणांवर १७ इंची गाडी छान बसून चालते, हे खरं. पण पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली दिसत नाही, आणि ऊसतोडणीच्या हंगामात समोरून ट्रॉलींची रांग आली की गाडी साइडपट्टीवर उतरवावीच लागते. रस्त्याच्या कडेवर आपटलेल्या ४५ प्रोफाइलच्या टायरला फुगा येऊ शकतो. फुग्याला दुरुस्ती नाही, टायर टाकूनच द्यावा लागतो, म्हणजे नऊ-दहा हजार गेले. वाकलेला अलॉय हजार-दीड हजारांत सरळ होतो, तडा गेलेला मात्र वेल्डिंग करून वापरू नका.

ज्यांना दिखाव्यापेक्षा पकड हवी आहे त्यांनी अलॉयचा नाद सोडून जुन्याच रिमवर १९५/६० आर १५ घ्यावेत, रिम साडेपाच इंच किंवा जास्त रुंद असेल तर. चार चांगले टायर २०-२८ हजारांत येतात.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ नोंदीशी विसंगत बदल करता येत नाही. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. बेकायदा बदलाला दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकतं. म्हणून तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जे माप देते ते सर्वांत सुरक्षित. त्यापलीकडे जायचं असेल तर आधी आरटीओत विचारा. विमा कंपनीलाही लेखी कळवून अलॉयची किंमत पॉलिसीत घालून घ्या, नाहीतर अपघातानंतर दावा अडू शकतो.

चाकं बसवल्यावर शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने आवळून घ्या. स्टेपनी जुन्या लोखंडी रिमची असेल तर तिला लागणारे मूळ नट डिकीत ठेवा. अलॉयचे नट त्या रिमवर नीट बसतीलच असं नाही.