समुद्राचा एक अंश

हीट ट्रान्सफर म्हटलं की आपल्याला आठवतात ते परीक्षेच्या आदल्या रात्रीचे झेरॉक्स. म्हणून त्याच विषयातलं जरा लांबचं उदाहरण देते. (शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.)

नॉर्वे आणि रशियाच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्र आहे. आर्क्टिक वर्तुळाच्या वर असूनही त्याचा दक्षिण भाग हिवाळ्यात गोठत नाही आणि मुरमान्स्क बंदर बारा महिने चालू राहतं. कारण, अटलांटिकमधून येणारा कोमट प्रवाह. कोमट म्हणजे आपल्या अंघोळीसारखा नाही हं, चार-पाच अंशांचा!

या समुद्रात साडेतेहेतीस अंश पूर्व रेखांशावर रशियन शास्त्रज्ञ १९०० सालापासून पाण्याचं तापमान मोजत आले आहेत. तिला 'कोला रेषा' म्हणतात. मधे खंड पडले, महायुद्धात तर पडणारच, पण इतकी जुनी नोंद समुद्राच्या बाबतीत फार कमी ठिकाणी सापडते. वरच्या २०० मीटरची सरासरी चार अंशांच्या आसपास असते आणि एखाद्या वर्षी ती जेमतेम अंशभर वर किंवा खाली जाते.

एक अंश म्हणजे काय मोठं? आकडेमोड करून बघा. एक चौरस मीटरखाली २०० मीटर पाणी, म्हणजे २०० घनमीटर. एका घनमीटरला एक अंशासाठी साधारण ४.१ मेगाज्यूल लागतात. एकूण ८२० मेगाज्यूल, म्हणजे सुमारे २२८ युनिट वीज. आपला होस्टेलचा दोन किलोवॉटचा गीझर पावणेपाच दिवस अखंड चालवा (वॉर्डन मॅडम, हे फक्त उदाहरण आहे). एवढ्या उष्णतेत त्याच चौरस मीटरवरचा अडीच मीटरहून जाड बर्फ वितळेल. आणि हे फक्त एका चौरस मीटरचं!

आता गंमत बघा. शाळेत शिकलो की पाणी चार अंशांना सर्वांत जड. समुद्राच्या खाऱ्या पाण्याला तो नियम लागू नाही; ते सुमारे उणे १.९ अंशांना गोठतं आणि तोपर्यंत जड होत जातं. शिवाय इतक्या थंडीत वजन ठरवतं ते मुख्यतः मीठ. म्हणून पुढे उत्तरेला अटलांटिकचं कोमट पण खारट पाणी चक्क थंड, कमी खारट पाण्याच्या खाली जातं. वर बर्फ, खाली उष्णता. थर ढवळले गेले की ती वर येते.

आमच्या मेसमध्ये वाद झाला होता. सप्टेंबर २०१२ मध्ये आर्क्टिकचा बर्फ ३४ लाख चौरस किलोमीटरवर आला, १९७९ पासूनच्या उपग्रह-नोंदीतला नीचांक. २०१३ मध्ये तो ५० लाखांवर गेला. "म्हणजे बर्फ परत आला की!" असं एकीचं म्हणणं. पण हा तर नॉइज झाला, सिग्नल कुठंय? २००७ ते २०२५ मधल्या प्रत्येक वर्षाचा नीचांक २००७ आधीच्या कुठल्याही वर्षापेक्षा कमी आहे. वारा, ढग, प्रवाह यांमुळे एखादं वर्ष इकडे-तिकडे होणारच. दोन रीडिंगवरून ग्राफ काढला तर आपले लॅबवाले सर जर्नल परत देतात, मग इथेच सूट का?

मात्र हा नॉइज तिथल्या कोळ्यांसाठी पोटापाण्याचा प्रश्न आहे. कॉड माशाची पिल्लं जगण्याची शक्यता थंड वर्षांपेक्षा उबदार वर्षांत जास्त असते, आणि दरवर्षी किती मासे धरायचे हे नॉर्वे व रशिया मिळून ठरवतात. नॉर्वेच्या किनाऱ्याला दिसलेलं उबदार पाणी उत्तरेला पोचायला वेळ लागतो, म्हणून थोडा अंदाज आधी बांधता येतो.

यात आपलाही हात आहे. २००८ साली स्वालबार्डवर भारताचं 'हिमाद्री' केंद्र सुरू झालं, आणि २०१४ मध्ये शेजारच्या कोंग्सफ्योर्डमध्ये 'इंडआर्क' नावाची उपकरणांची माळ पाण्यात सोडली गेली. ती पाण्याखालचं तापमान आणि क्षारता मोजते. हे सगळं सांभाळणारी संस्था गोव्यात, वास्कोला आहे. आपली इंडस्ट्रियल व्हिजिट दरवर्षी गोव्याला जातेच, तर या संस्थेचं नाव यादीत घालावं असा अर्ज मी एचओडी सरांकडे दिला आहे. उत्तर अजून यायचंय.