‘सीए इंटर’ लिहायचं कुठे?

इंटरचे दोन्ही ग्रुप सुटले की घरात पेढे येतात, आणि यायलाच हवेत. पण त्याच आठवड्यात नातेवाइकांत ‘आमचा सीए’ सुरू होतं, लग्नपत्रिकेत भावाच्या नावापुढे ‘सीए (इंटर)’ छापलं जातं आणि मुलगाही लिंक्डइनवर तेच नावाला जोडतो. पालकहो, इथे जरा थांबा.

‘सीए (इंटर)’ अशी पदवी नाही. तो परीक्षेचा एक टप्पा आहे. ‘चार्टर्ड अकाउंटंट’ ही उपाधी 1949 च्या कायद्याने फक्त चार्टर्ड अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटच्या सदस्यांना दिली आहे. सदस्य नसताना तसं भासवणं हा त्याच कायद्याच्या कलम 24 खाली गुन्हा ठरतो. फायनल पास झाल्यावरही अर्ज करून सदस्यत्व घ्यावं लागतं, मगच नावाआधी ‘सीए’ येतं. सीएसचंही तसंच: एक्झिक्युटिव्ह पास म्हणजे कंपनी सेक्रेटरी नव्हे.

सीएफएची (चार्टर्ड फायनान्शिअल अॅनालिस्ट) संस्था तर याबाबत फारच काटेकोर आहे. नावापुढे ‘सीएफए लेव्हल 1’ लावलेलं तिला चालत नाही. ‘सीएफए प्रोग्रामची लेव्हल 1 उत्तीर्ण’ असं वाक्य चालतं. ‘कँडिडेट’ म्हणवून घ्यायचं तर पुढच्या परीक्षेची नोंदणी केलेली हवी. तिन्ही लेव्हल झाल्या तरी 4,000 तासांचा संबंधित अनुभव आणि सदस्यत्व असल्याशिवाय ती तीन अक्षरं मिळत नाहीत.

मग ही मेहनत लपवायची का? मुळीच नाही! तिची जागा शिक्षणाच्या रकान्यात आहे, आणि तिथे ती पूर्ण वाक्यात लिहावी: ‘सीए इंटरमीजिएट, दोन्ही ग्रुप उत्तीर्ण, मे 2022. फायनलचा पहिला ग्रुप उत्तीर्ण, मे 2025. दुसऱ्याची तयारी सुरू.’ वाचणाऱ्याला एका नजरेत सगळं कळतं. किती अटेम्प्ट लागले ते लिहायची गरज नाही. मुलाखतीत विचारलं तर खरं सांगावं.

मला जास्त काळजी वाटते ती फायनल सोडणाऱ्या मुलांची. कितीतरी जण शरमेने बायोडेटातून सीएचा उल्लेखच काढून टाकतात. मग आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखालच्या प्रशिक्षणाची, वर्षं कागदावर रिकामी दिसतात आणि ‘या काळात काय केलंत?’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही. असं करू नका. इंटर पास आणि आर्टिकलशिप पूर्ण केलेल्या उमेदवाराला अकाउंट्स, जीएसटी, अंतर्गत लेखापरीक्षण या विभागांत खरोखर काम मिळतं. आर्टिकलशिप ‘अनुभव’ या मथळ्याखाली घ्या आणि कोणत्या प्रकारच्या कंपन्यांचं ऑडिट केलं, कोणते रिटर्न स्वतः भरले, ते तपशिलाने लिहा. अशिलांची नावं मात्र देऊ नका, ती गोपनीय असतात.

आणि पालकांनो, ‘आमचा सीए’ म्हणणं तूर्त थांबवा. पुढचा निकाल मनासारखा लागला नाही, तर ते शब्द चारचौघांत परत घ्यायची वेळ मुलावर येते. ‘सीए करतोय, इंटर झाली’ असं सांगा. स्थळाच्या बायोडेटातही हेच लिहा. समोरच्या घरातलं कुणीतरी सदस्यत्व क्रमांक विचारतंच.