वाचकांचे प्रश्न : सीव्ही खरा, तरी नोकरी हुकली

कर्जत आणि खालापूर हे शेजारचे तालुके, पण नोकरीच्या वाटा निरनिराळ्या. खोपोलीकडे पोलाद आणि इंजिनिअरिंगचे कारखाने, पाताळगंगा-रसायनी पट्ट्यात रासायनिक कंपन्या, कर्जत-नेरळच्या बाजूला रिसॉर्ट्स. शिवाय रोज लोकल पकडून कल्याण-ठाण्याला जाणारे आहेतच. या वेळच्या प्रश्नांचा रोख एकच आहे : सीव्हीत लिहिलेले आणि कागदोपत्री असलेले जुळत नाही, तेव्हा काय होते?

प्रश्न : मी आयटीआय फिटर. खोपोलीच्या एका मोठ्या कंपनीत तीन वर्षे कॉन्ट्रॅक्टवर होतो. सीव्हीत त्या कंपनीचे नाव लिहिले. मुलाखत चांगली झाली, पण पीएफचे रेकॉर्ड पाहिल्यावर पुन्हा बोलावणे आले नाही. चूक कुठे झाली?

काम खरे, कारखानाही खरा. मालकाचे नाव तेवढे चुकले. कॉन्ट्रॅक्टवरच्या कामगाराला पगार ठेकेदार देतो आणि पीएफही बहुधा ठेकेदाराच्याच खात्यातून भरला जातो. 2014 पासून पीएफ सदस्यांना बारा आकडी यूएएन मिळतो. नोकरी बदलली तरी तो बदलत नाही. त्याच्या ‘सर्व्हिस हिस्ट्री’त प्रत्येक आस्थापनेचे नाव, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिसते. सीव्हीत एक नाव आणि तिथे भलतेच नाव दिसले की समोरच्याला ती लबाडी वाटते. प्रामाणिक कामगार इथे नाहक मागे पडतो, आणि हे टाळणे त्याच्या हातात असते.

अनुभव लिहिताना आधी ठेकेदाराच्या फर्मचे नाव, त्यापुढे ‘कामाचे ठिकाण’ म्हणून कंपनीचे नाव, मग महिना-वर्ष आणि शेवटी केलेले काम, असा क्रम ठेवावा. गेट तेच राहिले पण मधे ठेकेदार बदलला, तर दोन वेगळ्या ओळी लिहाव्यात. मोठ्या कंपनीच्या आवारात केलेल्या कामाचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

सीव्ही पाठवण्याआधी पीएफच्या पोर्टलवर आपल्या तारखा पाहून घ्याव्यात. जुन्या ठेकेदाराने सोडल्याची तारीख भरली नसेल, तर नोकरी सुटल्यावर दोन महिन्यांनी सदस्य स्वतः ती नोंदवू शकतो. पीएफ भरलाच नसेल तर तक्रार करता येते. ठेकेदाराच्या कामगारांचा पीएफ भरला जातो की नाही याची जबाबदारी मूळ कंपनीवरही असते.

अप्रेंटिसशिपचा काळ मात्र पीएफमध्ये शोधू नये. अप्रेंटिस कायद्याखालच्या शिकाऊ उमेदवाराला पीएफ लागू होत नाही. तो काळ ‘नोकरी’ म्हणून न लिहिता ‘अप्रेंटिसशिप’ म्हणूनच लिहावा. राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रमाणपत्र हा त्याचा पुरावा.

प्रश्न : बॉयलरवर मदतनीस होतो. सीव्हीत ‘बॉयलर अटेंडंट’ लिहिले तर चालेल का? सगळेच थोडे वाढवून लिहितात.

चालणार नाही. बॉयलर अटेंडंटला परीक्षा देऊन, ठरलेल्या वर्गाचे प्रमाणपत्र मिळवावे लागते. ज्याच्याकडे ते आहे त्याने वर्ग आणि प्रमाणपत्राचा क्रमांक लिहावा. ज्याच्याकडे नाही त्याने ‘बॉयलर विभागात मदतनीस’ असे लिहून काय काय केले ते सांगावे. इथे चुकीचे पद लिहिणे म्हणजे सोबत काम करणाऱ्यांच्या जिवाशी खेळणे आहे.

वाढवून लिहिलेले पद किंवा पदवी उघड झाली, तर बहुतेक नेमणूकपत्रांतल्या अटींनुसार नोकरी जाऊ शकते, मग मधे कितीही वर्षे गेलेली असोत. याहू कंपनीचे मुख्याधिकारी स्कॉट थॉम्पसन यांना मे 2012 मध्ये पद सोडावे लागले. त्यांची पदवी हिशेबशास्त्राची होती, परिचयात मात्र संगणकशास्त्राचीही लावलेली होती.

सरकारी नोकरीच्या पडताळणी अर्जात माहिती दडवण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या खटल्यात निकषच घालून दिले. दिलेली माहिती खरी असली पाहिजे. दडवलेली बाब किरकोळ असेल तर सोडून देण्याचा विचार होऊ शकतो, गंभीर असेल तर नेमणूक रद्द होऊ शकते. बनावट गुणपत्रिका किंवा अनुभवपत्र जोडणे हा तर सरळ गुन्हाच. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीसाठी कलम 318, बनावट दस्तऐवजासाठी 336 आणि तो खरा म्हणून वापरण्यासाठी 340 ही कलमे आहेत.

प्रश्न : दहावी-बारावीच्या कागदांवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे. सीव्हीत कोणते लिहावे?

लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा नाही. आधार, पॅन आणि बँक खात्यावर जे नाव आहे ते सीव्हीच्या माथ्यावर लिहावे आणि खाली ‘प्रमाणपत्रांवरील नाव’ अशी एक ओळ द्यावी. विवाह नोंदणी प्रमाणपत्र हा दोन नावांमधला दुवा. नाव राजपत्रात प्रसिद्ध केले असेल तर त्याची प्रतही जवळ ठेवावी. एका सीव्हीत आडनाव आधी आणि दुसऱ्यात शेवटी, असेही करू नये.

प्रश्न : गावातल्या सायबर कॅफेत ‘बायोडेटा’ करून घेतला. त्यात जात, वडिलांचा व्यवसाय, आधार क्रमांक, सगळे आहे. एका एजंटने तो घेतला आणि नोंदणीचे दोन हजार मागतो आहे.

जात, धर्म, उंची, वडिलांचा व्यवसाय हे लग्नाच्या बायोडेटात शोभते. खासगी नोकरीच्या अर्जात नाव, चालू असलेला फोन, ईमेल, तालुका, शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये एवढे पुरते. आरक्षित जागेसाठीच्या सरकारी अर्जात जातीची माहिती लागते, पण ती त्या अर्जाच्या ठरलेल्या रकान्यात. रिसॉर्टच्या फ्रंट ऑफिससाठी आणि केमिकल प्लांटसाठी एकच कागद पाठवू नये. पहिल्या जागी भाषा आणि ग्राहकांशी वागण्याचा अनुभव वर घ्यावा, दुसऱ्या जागी ट्रेड, शिफ्ट आणि सुरक्षेचे प्रशिक्षण.

आधार, पॅन आणि खाते क्रमांक सीव्हीत कधीच घालू नयेत. ते रुजू होताना पीएफ आणि पगारासाठी लागतात, त्याआधी नाही. ओळखीचा पुरावा मागितलाच तर शेवटचे चारच आकडे दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार द्यावे.

एजंटला पैसे देऊ नयेत. तो ज्या कंपनीचे नाव सांगतो, त्या कंपनीच्या गेटवर किंवा एचआर विभागात जाऊन जागा खरोखर आहे का ते विचारावे. ऑनलाइन पैसे आधीच गेले असतील तर लगेच 1930 या क्रमांकावर फोन करावा आणि व्यवहाराचा क्रमांक, एजंटचा फोन व त्याचे संदेश जपून ठेवून जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार द्यावी.