गच्ची अपुरी पडली

“आमच्या मंडळात बारा बायका आहेत. आणखी दहाजणी यायचं म्हणतात. घ्यायच्या का? की सगळंच बिघडेल?” असे आम्हाला पुष्कळजणी विचारतात. मुंबईतल्या काही बायकांपुढेही हीच अडचण आली होती. त्यांची हकिकत वाचू या.

१५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात गुजराती शेजारणी आपल्या इमारतीच्या गच्चीवर पापड लाटायला बसल्या. ऐंशी रुपये उसने आणले होते. देणगी घ्यायची नाही, हे आधीच ठरले होते. पहिल्या दिवशी चार पुडे झाले. याच पापडांना पुढे ‘लिज्जत’ हे नाव मिळाले.

तीन महिन्यांत सातांच्या पंचवीस झाल्या. पावसाळ्यात मात्र पापड वाळेनात. चार महिने काम बंद! दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणली, तिच्यावर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. घरचीच युक्ती, पण कामाला आली.

बायका वाढतच गेल्या. दोनशेच्या वर झाल्या. गच्चीवर बसायला जागा उरेना. आता काय करायचं? नव्या बाईला ‘नको’ म्हणता आले असते. पण मग गरजू बाई दाराबाहेर राहिली असती. मोठा कारखाना काढता आला असता. पण मग जुन्या त्या मालकिणी आणि नव्या त्या मजूर, असे व्हायला कितीसा वेळ लागतो?

त्यांनी तिसरीच वाट काढली. पीठ एका जागी तिंबायचे आणि लाटायचे घरोघर. सकाळी पीठ न्यायचे. दुसऱ्या दिवशी वाळलेले पापड आणून तोलून द्यायचे आणि लाटण्याचे पैसे घ्यायचे. पीठ एक, म्हणून चव एक. जिच्या घरी पापड वाळवायला जागा नाही, तिने पीठ तिंबावे, नाहीतर पुडे भरावे. जी काम करील तीच सभासद आणि तीच मालकीण. नफा-तोटा सगळ्यांचा. हिशेबाला, गाडी चालवायला पुरुष असतात, पण ते पगारी. सभासद फक्त बायकाच.

यात काही गमावलेही. गच्चीवर लाटता लाटता चालायच्या त्या गप्पा गेल्या. घरी बाई एकटीच लाटते. सकाळी पीठ घेताना भेट होते तेवढीच. आम्हाला ही किंमत लहान वाटत नाही.

१९६८ साली गुजरातेत वालोड येथे शाखा निघाली. महाराष्ट्राबाहेरची ती पहिली. आज चाळीस हजारांहून जास्त बायका सभासद आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली.

आता तुमच्या मंडळाकडे पाहा. कोणते काम एकाच जागी राहिले पाहिजे? कोणते घरोघर देता येईल? घरी बोलून पाहा आणि उद्या वहीत लिहून आणा.