केमोनंतर आठवत नाही? चाचणीचा खर्च कधी करावा

केमोथेरपी चालू असताना किंवा नंतर गॅसवरचे दूध विसरणे, बोलताबोलता शब्द न सापडणे, हिशेब चुकणे याला पेशंट ‘केमो ब्रेन’ म्हणतात. म्हणून लगेच महागडी चाचणी करायला धावू नका. आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासा. झोप आणि उदासीबद्दल कर्करोगतज्ज्ञांशी बोला. कारण इथेच सापडले तर त्यावर बहुधा उपाय असतो. फिट आली, अचानक भ्रम झाला किंवा एक बाजू लुळी पडली, तर मात्र थेट इमर्जन्सी गाठा.

तिथे कारण न सापडल्यास न्यूरोसायकॉलॉजीची, म्हणजे स्मरण, लक्ष आणि विचारशक्ती मोजणारी पूर्ण चाचणी. ती दोन-चार तास चालते. शब्दांच्या याद्या, ठोकळे, आकृत्या, कागद-पेन्सिल. स्मरण किंवा लक्ष किती घसरले, ते एमआरआयने कळत नाही. खासगीत काही हजार रुपये लागतात. दर विचारताना मुलाखत, चाचणी, लेखी अहवाल आणि तो समजावून सांगण्याची भेट हे सगळे त्यात धरले आहे का, ते विचारा. दहा मिनिटांची, ३० गुणांची ‘मोका’ ही नुसती चाळणी आहे. तिच्यासाठी पूर्ण चाचणीचे पैसे मोजू नका. चाचणी मराठीत होईल का, गुण भारतीय निकषांवर ताडणार का, हेही विचारा. बेंगळुरूच्या निम्हान्सचे असे निकष २००४पासून उपलब्ध आहेत. चौथी शिकलेल्या आजींना परदेशी मापाने मोजले, तर पैसे पाण्यात. तज्ज्ञाची आरसीआय (रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया) नोंदणीही पाहा.

मेंदूत गाठ असेल किंवा मेंदूला रेडिएशन द्यायचे असेल, तर मात्र हात आखडू नका, आणि चाचणी उपचाराआधी करा. टाटा मेमोरियलने २०० मुले-तरुणांवर केलेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नेहमीच्या रेडिएशनपेक्षा गाठीपुरत्या नेमक्या रेडिएशनमुळे बुद्ध्यांक पाच वर्षांत अधिक चांगला टिकलेला दिसला. आधीचे मोजमाप हाती नसेल, तर किती घसरण झाली हे सांगणार कसे?

सरकारी मेडिकल कॉलेजांच्या मनोविकार विभागात आधी चौकशी करा. तिथे खर्च बराच कमी. मेडिक्लेम बहुधा ओपीडी धरत नाही, पण डिस्चार्जनंतरच्या ठरावीक दिवसांत त्याच आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली तपासणी बसू शकते. चिठ्ठी जपा. उपचारासाठी रेल्वेने जाताना कर्करुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण, तर सोबतच्या एकाला ७५ टक्के सवलत असते.

मेंदूच्या व्यायामाची सशुल्क ॲप अहवाल येईपर्यंत घेऊ नका. फेरचाचणीही घाईने नको. प्रश्न लक्षात राहतात आणि गुण उगाच वाढतात. पुढच्या वेळी जुना अहवाल सोबत न्या, नाहीतर तुलनेसाठी काहीच नसेल.